चौक कोणी काढला?

मराठी पुस्तकातलं ऋणनिर्देशाचं पान बहुतेक वाचक न वाचताच उलटतात. प्रकाशक, मुखपृष्ठकार, मुद्रितं तपासणारे यांचे आभार मानून झाले की लेखिका शेवटचं एक वाक्य मैत्रिणींना देते: त्यांच्या प्रोत्साहनाशिवाय हे पुस्तक झालंच नसतं. वाक्य खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही. प्रोत्साहन दिलं म्हणजे केलं काय? ‘छान लिहितेस’ एवढंच म्हटलं, की आणखी काही? डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून गेल्या शतकात बायकांनी जे मराठी लेखन केलं, त्याच्याकडे हा प्रश्न घेऊन गेलं तर बऱ्यापैकी नेमकं उत्तर मिळतं. शाबासकीने लेखिका थोडीफार सुखावते. घडते ती मैत्रिणीने अंगावर टाकलेल्या कामाने. तसं असेल तर आभारही त्या कामाचेच मानायला हवेत, नाव घेऊन आणि तपशील देऊन.

पहिला दाखला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. ताराबाईंनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला होता, मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली होती, मुंबईत दादरला शिशुविहार उभं केलं होतं. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हे सगळं जमलेलं बस्तान सोडून त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, खेड्यातल्या गरीब मुलांना परवडेल अशी बालवाडी करून बघायला. त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. त्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. बालपणीच वैधव्य, मग शिक्षिकेचं प्रशिक्षण, पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी, रात्रशाळेतून मॅट्रिक, एवढी शिदोरी. लेखिका म्हणून त्यांचं नाव नव्हतं आणि तशी हौस असल्याचंही दिसत नाही. पण बोर्डीत वस्तीच्या अंगणात बसून आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टींकडे वळायचं, असं काम सुरू झालं. परदेशी साधनांच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, पानं, खडे आले. अशा कामाचं एक वैशिष्ट्य असतं: ते लिहून ठेवल्याशिवाय दुसऱ्या गावी नेता येत नाही. काय जमलं, काय फसलं, हे मांडावंच लागतं. वर हाताशी ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक होतं, आणि मासिकाचं पोट दर महिन्याला भरावं लागतं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच गुरांमागे कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असं झकास नाव मिळालं. पुढे पत्रिकेच्या संपादनाला अनुताईंचा हात लागला. ‘बालवाडी कशी चालवावी’सारखी कामाची पुस्तकं आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुभवकथन त्यांनी लिहिलं. मध्येच १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए.ही झाल्या. ताराबाईंच्या कौतुकाच्या शब्दांचा यात किती वाटा होता ते मोजता येणार नाही. त्यांनी उभ्या केलेल्या कामाचा वाटा मात्र पानोपानी दिसतो.

यावर कुणी म्हणेल, ही मैत्री कुठली? ही तर गुरू-शिष्येची जोडी. वयात अठरा वर्षांचं अंतर, एक संस्थेची प्रमुख, दुसरी तिची कार्यकर्ती. हरकत रास्त आहे. मैत्रीण म्हटलं की आपल्याला एका बाकावर बसणारी, एका वयाची मुलगी आठवते. पण घराबाहेर पडून काम करणाऱ्या त्या पिढीतल्या बायकांना समवयस्क मैत्रिणी मिळणार कुठून? ज्या भेटल्या त्या कामात भेटल्या, कुणी पुढे, कुणी मागे. मैत्रीची खूण वयात शोधण्यापेक्षा देण्याघेण्यात शोधावी, आणि इथे देणं एकतर्फी नव्हतं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाडचा गाडा अनुताईंनी ओढला. थोरलीने काम दिलं, धाकटीने ते थोरलीच्या माघारी एकोणीस वर्षं जिवंत ठेवलं. ही फेड कुठल्याही अर्पणपत्रिकेपेक्षा भारी आहे.

दुसरा दाखला अवघड आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्याचा विषय १९४५ साली सुरू झालेला इथल्या वारली आदिवासींचा लढा. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी परिषद झाली, वेठ नाकारायचं ठरलं, आणि लग्नगड्याची पद्धत मोडायचंही. लग्नगडी म्हणजे लग्नाला कर्ज काढून त्यापायी सावकाराकडे बायकोसह राबणारा गडी. पुण्यातल्या सुखवस्तू घरातल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या बाईला हे जग आतून कळलं ते पाड्यांवर राहून, झोपडीत त्यांच्याबरोबर असेल ते खाऊन, त्यांची बोली शिकून. जमीनदाराच्या वाड्यावर बाईच्या वाट्याला काय येतं, हे परक्या माणसाला सांगायला वारली बाईला किती धीर धरावा लागला असेल! तो धीर त्यांनी धरला नसता तर या पुस्तकाचा गाभाच पोकळ राहिला असता. लेखिकेला शब्द पुरवणारी, तिच्यावर विश्वास टाकणारी ती मैत्रीण, असं मानलं तर गोदावरीबाईंच्या मैत्रिणी डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर होत्या.

पण असं मानावं का? वारली गोदावरीबाईंना ‘गोदाराणी’ म्हणत. राणी ही सखी नव्हे. त्या लाडक्या हाकेतही उंची आहे. शिवाय ज्यांच्या तोंडच्या हकिकती पुस्तकात आल्या, त्यातल्या बहुतेकींना ते पुस्तक वाचता येणार नव्हतं. मैत्रीचा हा दावा लेखकांच्या बाजूनेच केला जातो, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच इथे ऋणाचा शब्द जास्त जपून वापरायला हवा. मैत्री नाकारता येईल. घेतलेलं नाकारता येत नाही. आणखी एक विचारलं जातं: मग पुरुषांनी आधार दिला नाही का? दिलाच. गिजुभाई होते, बोर्डीचे आचार्य भिसे होते. गोदावरीबाईंचे पती शामराव परुळेकर तर लढ्यात आणि तुरुंगातही बरोबरीने होते, आणि या उठावावर इंग्रजीत त्यांनी आधीच लिहिलं होतं. पण गंमत अशी, की ही सगळी नावं आपल्याला एका दमात घेता येतात. हिशेबात त्यांची जमा झाली आहे. जमा व्हायची राहिली ती बायकांची बाजू.

तिचा सगळ्यात बोलका पुरावा भिंतीवर आहे. वारल्यांच्या लग्नात चौक काढल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून, सवाशिणी मिळून तो काढतात. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. एकीची रेघ दुसरी पुढे नेते आणि सही कुणाचीच नसते. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी ही कला बाहेर नेली. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, कागदाला सही लागली, आणि तलासरीच्या धामणगावात जन्मलेले जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे मोठेच चित्रकार. त्यांच्या मोठेपणात काही उणं नाही. पण जी रेघ पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाताखालून गेली, तिला पहिलं जगप्रसिद्ध नाव मिळालं ते पुरुषाचं, हेही खरंच.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. सगळ्याच मैत्रिणींना छापील नाव नको असतं. कुणाला घरची अडचण, कुणाला गावची. नाव नको असेल तर नसू द्यावं, काम लिहावं. वारली शब्दाचा अर्थ तीनदा समजावून सांगणारी धामणगावची एक बाई. हस्तलिखितातला दुसरा भाग काढून टाक म्हणणारी सहशिक्षिका. परीक्षेच्या महिन्यात लेखिकेची पोरं स्वतःच्या पंगतीला बसवणारी शेजारीण. अशा चार ओळी पानावर सहज मावतात.