सुट्टे पैसे शोधणारा नट

निपाणीतल्या त्या जुन्या वखारीत शिरलं की आधी नाक चुणचुणतं. तंबाखूची शेवटची बोदं उचलून वर्षं लोटली, तरी भिंतींनी वास सोडलेला नाही. संध्याकाळी तिथे एकांकिकेच्या तालमी चालतात आणि नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी हमखास शिंकतो.

मी गेले ती एका माणसासाठी. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत सोसायटीची मीटिंग चालली होती. नायकाचा गोंधळ रंगात आला होता, आणि मागच्या खुर्चीवरच्या पाहुण्याला हातातला चहाचा कप कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. माझी नजर त्या कपावरून हलेना. ते गृहस्थ निपाणीचे आहेत, हे नंतर बेळगावातल्या एका नाटकवाल्याने सांगितलं.

तालमीतली मुलं त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले. वय साठीच्या आसपास, दिवसा मोटर रिवाइंडिंगचं दुकान. कपाचं विचारलं तर म्हणाले, “ते कुणी सांगितलं नव्हतं ओ. टिपॉय लांब. उठावं तर फ्रेममधनं भाईर. खरंच कुठं ठेवावा कळंना झालं, मग तसंच बसलो.”

मुंबईचं काम आलं की रात्री हायवेवर उभं राहून बेंगळुरूहून येणारी गाडी धरायची, सकाळी उतरून घोडबंदर रोडच्या सेटवर पोचायचं. कॉलटाइम नऊचा, सीन लागतो दिवेलागणीला. मधल्या वेळात मामा इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता बसून राहतात. दोन सीन, चार वाक्यं. पैसे नव्वद दिवसांनी. हा काही एकट्या मामांचा अनुभव नाही, मालिकांच्या धंद्यातली ती सर्रास रीत आहे. “नव्वद दिवसांत आमच्याकडं सोयाबीन निघतंय बघा,” मामा म्हणाले. ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. मला मात्र तो आकडा सलत राहिला. बसभाडं त्याच रात्री खिशातून गेलेलं असतं आणि मोबदल्याला नव्वद दिवस.

मामांचं विद्यापीठ म्हणजे दिलीप प्रभावळकर. २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली, तेव्हा अल्फा मराठी केबलवरून सीमाभागातल्या घराघरांत पोचलेलं होतं. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या सदरावर बेतलेली ही मालिका केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केली. राजन भिसे आणि शुभांगी गोखले मुलगा-सून, आणि आबा स्वतः प्रभावळकर. १९४४चा जन्म, म्हणजे आजोबा झाले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. मामांना यातलं सगळं पाठ आहे. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव प्रभावळकरांनी उभा केला, बाळ कर्वे त्यांचे गुंड्याभाऊ. ते भाग मात्र मामांनी खूप नंतर, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत पाहिले.

मामा मुलांना ते दाखवतात आणि मधेच थांबवतात. “आता चेहरा बघ. ह्यो माणूस हसवाय लागलाय का? न्हाई. त्याची खरोखरची अडचण झालीय.” चिमणराव काय, आबा काय, आपण विनोदी आहोत याचा त्यांना पत्ताच नाही, हे मामांचं सगळं शास्त्र. ‘हसवाफसवी’त सहा माणसं रंगवणारा, ‘झपाटलेला’त तात्या विंचू आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी होणारा नट टिपऱ्यांच्या दिवाणखान्यात आठवड्यामागून आठवडे एकच म्हातारा होऊन राहिला. मामांच्या मते सगळ्यात अवघड ते. सहा माणसं एका रात्रीत उभी करता येतात. तोच माणूस पुढच्या आठवड्यात तसाच, पण शिळा न होता आणायचा, याला फार चिकाटी लागते. मला हे पटतं. ‘फू बाई फू’पासून ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’पर्यंत स्किटने मोठे गुणी नट दिले, पण स्किटमधल्या माणसाचं आयुष्य काही मिनिटांत आटोपतं. समोर परीक्षक नाहीतर पाहुणे हसत असतात, त्यामुळे घरी बसलेल्या आपल्याला हसायचं कुठे तेही कळतं. मालिकेतल्या आबांना तो आधार नव्हता.

हे शास्त्र या भागाला परकं नाही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलेल्या पु. लं.नी रावसाहेब लिहिले. त्या व्यक्तिचित्रातल्या रावसाहेबांच्या तोंडून कानडी हेलाच्या शिव्या धडाधड पडतात आणि वाचणारा हसून लोळतो, पण ते स्वतः कुणाला हसवायला बोलत नाहीत. त्यांची तळमळ खरी असते. मामाही तसेच बोलतात. सेटवर मात्र त्यांना दोनच पर्याय मिळतात: हेल पार काढून टाका, नाहीतर इतका वाढवा की ऐकूनच लोक हसतील. मधलं, त्यांचं रोजचं बोलणं कुणी मागत नाही. हा करंटेपणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मी होते त्या संध्याकाळी एक ऑडिशन पाठवायची होती. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारे निवृत्त मास्तर. नाव, वय, उंची सांगून झालं, दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवून झाला. पहिल्या टेकला मामांनी शेवटच्या वाक्याआधी भुवया उडवल्या. वखार हसली, मीही हसले. मामांनी पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्या वेळी ते खिसे चाचपू लागले. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. रुपया कुठेतरी आहे आणि तो सापडला नाही तर हा माणूस खोटा ठरणार, असं काहीतरी त्या बोटांत आलं. कुणी हसलं नाही. मोबाइल धरलेल्या पोराचा दुसरा हात नकळत स्वतःच्या खिशात गेला आणि चित्र हललं.

पोरगा ओशाळला. “मामा, आणि एकदा घेऊया?”

“नको,” मामा म्हणाले, आणि हललेली क्लिपच मुंबईला पाठवून दिली.