नो एन्ट्री ते नोबेल

सोसायटीत बोअरवेल एकच, आणि उन्हाळा आला की पिंप भरून ठेवायची घाई प्रत्येकाला! या नेहमीच्या भांडणावर एका बाईंनी चक्क पीएच.डी. केली आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल पटकावलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम. दोस्तमंडळींसाठी नुसत्या ‘लिन’.

गंमत म्हणजे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीने त्यांना इकॉनॉमिक्सच्या पीएच.डी.ला घेतलंच नव्हतं. कारण? गणित कमी पडलं. (शाळेतच मुलीला त्रिकोणमितीपासून लांब ठेवलं, तर गणित येणार कुठून?) मग त्या पोलिटिकल सायन्सकडे वळल्या. विषय मिळाला किनाऱ्यालगतच्या ‘वेस्ट बेसिन’मधल्या भूजलाचा. तिथे इतके पंप चालायचे की समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. पण उपसा करणाऱ्यांनीच एकत्र बसून, कोर्टाची मदत घेऊन, उपशाला लगाम घातला. १९६५ मध्ये लिन डॉक्टर झाल्या. तीनच वर्षांनी गॅरेट हार्डिनचा गाजलेला लेख आला. त्याचं म्हणणं, सामायिक कुरण ओरबाडलं जाणारच. लिनबाईंनी तर उलटं घडताना पाहिलं होतं!

इंडियाना युनिव्हर्सिटीत त्यांच्या वाट्याला पहिला तास आला सकाळी साडेसातचा, शनिवारीसुद्धा. १९७३ मध्ये नवरा व्हिन्सेंटबरोबर त्यांनी तिथे संशोधन केंद्र काढलं. त्याचं नाव ‘वर्कशॉप’, कारण दोघं एका सुताराकडे फर्निचर बनवायला शिकत होते.

सहकाऱ्यांबरोबरचे त्यांचे लॅबमधले प्रयोग तर एकदम भन्नाट. विद्यार्थी कॉम्प्युटरसमोर, साठा सगळ्यांचा मिळून एक, कमाई खऱ्या पैशांत. बोलायला बंदी असली की हावरटपणा सुरू. समोरासमोर बोलू दिलं की मात्र उपसा आवरायचा आणि सगळ्यांची कमाई वाढायची, शब्द मोडणाऱ्याला शिक्षा नसली तरी!

म्हणजे गप्पा मारल्या की प्रश्न सुटला, असं नाही हं. ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या त्यांच्या १९९० च्या पुस्तकात स्विस कुरणं आणि स्पेनमधले पाटबंधारे आहेत, तसे फसलेले प्रयत्नही आहेत. जिथे नियम वापरणाऱ्यांनी स्वतः ठरवले आणि एकमेकांवर नजर ठेवली, तिथे गाडी चालली.

२००९ मध्ये नोबेल मिळालं. अर्थशास्त्रात ते मिळवणारी ही पहिली बाई. २०१२ मध्ये त्या गेल्या.

आजही पर्यावरण अर्थशास्त्राच्या वर्गात मासेमारीचा खेळ खेळतात. टेबलावर चॉकलेटं, म्हणजे मासे. उरतील त्याच्या दुप्पट पुढच्या फेरीत. बहुतेक वेळा तळं लगेच रिकामं होतं. मग मॅडम नवी चॉकलेटं मांडतात आणि म्हणतात, आता आपसांत बोला.