धूळ पेटते तेव्हा

कोळशाच्या भुकटीचा ढीग काडी लावली म्हणून सहजासहजी पेटत नाही. तीच भुकटी हवेत उधळली, की मात्र ठिणगीने भडका उडतो. ढिगात फक्त वरच्या थराला हवा मिळते. उधळलेल्या प्रत्येक कणाला ती चहूबाजूंनी भिडते. खाणीतल्या महाभयंकर स्फोटांचं मर्म एवढ्याशा फरकात दडलेलं आहे.

सुरुवात बहुधा मिथेनपासून होते. कोळशाच्या थरात युगानुयुगं कोंडलेला हा वायू खणताना मोकळा होतो. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के असला, तर एक ठिणगी पुरते. पण साठलेला मिथेन जळून गेला, की तो स्फोट तिथेच विझायला हवा. तो विझत नाही, कारण त्याची दाबलाट ज्वाळेच्या पुढे धावते. तुळयांवर, जमिनीवर, भिंतींच्या खाचांत बसलेली धूळ ती उडवते आणि मागून ज्वाळा त्या ढगात शिरते. धूळ जळते, तापलेली हवा फुगते, लाटेला नवा जोर चढतो, पुढची धूळ उडते. स्फोट आपलं जळण आपणच पुढ्यात पसरत जातो!

१० मार्च १९०६च्या सकाळी उत्तर फ्रान्समधल्या कूरिएरच्या खाणींत अशीच धूळ पेटली. एकमेकींना जोडलेल्या खाणींच्या सुमारे ११० किलोमीटर बोगद्यांना स्फोटाची झळ पोचली. १,०९९ माणसं गेली. अशा स्फोटात ज्वाळेच्या तडाख्यातून सुटलेल्यांनाही कार्बन मोनॉक्साइड गाठतो. प्राणवायू अपुरा पडून धूळ अर्धवट जळते, त्यातून तो तयार होतो आणि रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. तरीही कूरिएरला वीस दिवसांनी तेरा जण अंधारातून चालत जिवंत बाहेर आले.

या धुळीवरचा उपाय म्हणजे दुसरी धूळ. चुनखडीची भुकटी जळत नाही. बोगद्यात ती सढळ हाताने पसरली, की कोळशाच्या धुळीबरोबर तीही उडते आणि ज्वाळेची उष्णता शोषून घेते. शिवाय छताशी सैल फळ्यांवर तिचे ढीग रचून ठेवतात. दाबलाट आधी येते, फळ्या उलथतात आणि ज्वाळा पोचेपर्यंत वाटेत पांढरा पडदा उभा राहतो. ज्या लाटेने आग पसरायची, तिच्याच हातून आग अडवायची! मात्र काळी धूळ दर पाळीत नव्याने बसते, म्हणून पांढरी भुकटीही पुन्हा पुन्हा टाकावी लागते. तिथे हयगय चालत नाही.