खेळ थांबल्यावर

आट्यापाट्यांचा डाव संपला म्हणजे गडी लागलीच घरी जात नाहीत. पारावर किंवा एखाद्या ओट्यावर ते टेकतात आणि तोच डाव पुन्हा एकदा तोंडाने खेळला जातो. कोंडी कोणी फोडली, ऐन वेळी कोण घसरून पडला, बाद होऊनही कोणी हुज्जत घातली, याची उजळणी होते. घसरलेला गडीही त्या हसण्यात सामील होतो. खेळाची निम्मी गोडी या गप्पांत असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मात्र असा पार नाही. त्यांतील गडी केवळ इंटरनेटमुळे एकत्र आलेले असतात. एक एका शहरात, तर दुसरा तेथून शेकडो मैल दूर. एकमेकांची खरी नावेही त्यांना पुष्कळदा ठाऊक नसतात. संगणक बंद केला की सारी मंडळी क्षणात दिसेनाशी होते. शिवाय दिवसाचे बहुतेक तास खेळाबाहेरच जातात. शाळा असते, नोकरी असते, कधी आजारपण असते. अशा वेळीही खेळाच्या जगाशी नाते टिकविण्याचा एक मार्ग खेळाडूंनी शोधून काढला. तो म्हणजे वेबकॉमिक.

वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींची विनोदी चित्रमालिका असते. तशीच मालिका कागदावर न छापता इंटरनेटवर प्रसिद्ध केली म्हणजे तिला वेबकॉमिक म्हणतात. तिला छापखाना लागत नाही आणि संपादकाची संमतीही लागत नाही. वर्तमानपत्राला सर्व वाचकांना रुचेल असेच द्यावे लागते. वेबकॉमिकला मात्र थोड्यांनाच कळेल असा विनोद खुशाल करता येतो. हे थोडे लोक जगभर विखुरलेले असले, तरी इंटरनेटवर ते एका जागी येतात, आणि मग ते थोडे राहत नाहीत.

अमेरिकेत ‘पेनी आर्केड’ या वेबकॉमिकचा जन्म असाच झाला. जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक हे शाळेपासूनचे मित्र. एक लिहिणारा, दुसरा चित्रे काढणारा. दोघांनाही संगणकावरील खेळांचे वेड. त्यांनी आपली चित्रे प्रथम एका मासिकाच्या स्पर्धेकडे पाठविली; ती स्वीकारली गेली नाहीत. तेव्हा नोव्हेंबर १९९८ पासून त्यांनी ती इंटरनेटवर प्रसिद्ध करावयास आरंभ केला. बहुधा तीनच चौकटी, आणि त्यांत गेब व टायको हे दोन मित्र खेळांविषयी अखंड वाद घालीत असतात. आठवड्यातून तीन वेळा नवे चित्र येई. ठरलेल्या वारी त्याची वाट पाहणे हाच वाचकांच्या दिनक्रमाचा भाग होऊन बसला. या मालिकेची भाषा पुष्कळदा असभ्य असते आणि ती मुलांसाठी काढलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

या विनोदाची जात समजण्यासाठी एखादा खेळच पाहिला पाहिजे. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ निघाला. त्यात कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी जखमा भरून काढणारा पुरोहित. आरंभीच्या काळात मोठ्या मोहिमांवर ४० जणांची तुकडी जात असे. योद्ध्याने राक्षसाचे तडाखे अंगावर झेलावयाचे, इतरांनी त्याच्यावर हल्ला चढवावयाचा आणि पुरोहितांनी सर्वांना जिवंत ठेवावयाचे, अशी कामाची वाटणी असे. इतक्या माणसांना एका वेळी जमविणे हेच मोठे दिव्य! आणि राक्षस समोर उभा ठाकला असता, दारावरची घंटा वाजली म्हणून नेमका पुरोहितच उठून गेला तर? अशा गैरहजेरीला खेळाडूंच्या बोलीत ‘ए. एफ. के.’ म्हणतात, ‘कळफलकापासून दूर’ असा त्याचा अर्थ. अक्राळविक्राळ राक्षसापुढे पुतळ्यासारखा स्तब्ध उभा असलेला पुरोहित रेखाटला आणि शेजारी ही तीन अक्षरे लिहिली, की न खेळणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. खेळाडूला मात्र हसू आवरत नाही. प्रत्यक्ष खेळात याच प्रसंगाने त्याला संताप आला असता. दूर बसून पाहताना तो संताप निवतो, आणि एके दिवशी आपणही असेच उठून गेलो होतो, हे त्याला आठवते.

हा आरसा कधी कधी बोचराही असतो. २००४ साली ‘पेनी आर्केड’च्या एका चित्रात फळ्यावर गणितासारखे एक समीकरण मांडलेले दिसले. साध्या माणसाचे नाव झाकावे, त्याच्यापुढे प्रेक्षक बसवावेत, की या बेरजेतून अत्यंत उद्धट माणूस निघतो, असा त्याचा आशय होता. ऑनलाइन खेळांत अनोळखी गड्याला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्या वर्तनाचे मर्म या एका चित्राने पकडले. पुढे इंटरनेटवरील वागणुकीची चर्चा करणाऱ्यांनीही त्याचा वारंवार उल्लेख केला. अर्थात नाव झाकलेला प्रत्येक माणूस उद्धट होतोच असे नाही.

त्याआधीच्या वर्षी, २००३ मध्ये, याचा प्रत्यय आला होता. संगणकावरील खेळांनी मुले हिंसक होतात, अशी टीका वृत्तपत्रांतून वरचेवर होत असे. त्या टीकेने होल्किन्स व क्राहुलिक व्यथित झाले. मात्र नुसते उत्तर न लिहिता त्यांनी आपल्या वाचकांना आवाहन केले, की सिएटल शहरातील मुलांच्या रुग्णालयासाठी खेळणी आणि खेळ पाठवा. ‘चाइल्ड्स प्ले’ हे त्या उपक्रमाचे नाव. एकमेकांना कधी न पाहिलेल्या वाचकांनी खेळण्यांच्या राशी पाठविल्या. खेळणी व रोख रक्कम मिळून पहिल्याच वर्षी सुमारे अडीच लक्ष डॉलरांची मदत जमा झाली. पुढे हा उपक्रम अनेक देशांतील रुग्णालयांपर्यंत पोहोचला, आणि खाटेवरून उठू न शकणाऱ्या मुलांच्या हाती खेळ आले.