चार अठ्ठावन्ननंतरचा आवाज

कोजागरी होऊन चार-पाच दिवस झालेले असतात. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाच्या पहिल्या वेचणीची घाई असते आणि दिवाळी दहा दिवसांवर असते. अशा वेळी तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला, अमरावती–नागपूर रस्त्यालगत, मोठा जमाव गोळा होतो. भगव्या टोप्या, शबनम पिशव्या, पालख्या, गावोगावची भजनी मंडळं. आठवडाभर खंजेरी थांबत नाही. मग पुण्यतिथीच्या दिवशी संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सगळं बंद होतं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ज्या मिनिटाला गेले, ते हे मिनिट. मौन श्रद्धांजली. आयुष्यभर जो माणूस गात राहिला, त्याची आठवण मौनानं करायची, हे मला आधी विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. गाणारा गेला की मागं जी पोकळी राहते, ती मोझरीत दरवर्षी मिनिटभर ऐकायला मिळते. नंतर पुन्हा कुणीतरी गायला लागतं.

ते कोण गातं, हा या लेखाचा विषय. तो डोक्यात शिरला मात्र भलत्याच वाटेनं. ५ सप्टेंबर २०२४ ला लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडनं नवी गायिका जाहीर केली, एमिली आर्मस्ट्राँग. आधीचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला होता. सात वर्षं त्याची जागा रिकामी होती. अमरावतीला इंजिनीअरिंग करणाऱ्या माझ्या भाच्याची झोप उडाली. "मामा, आता ह्याले लिंकिन पार्क म्हणाचं काय?" त्यानं जेवताना विचारलं. मी त्याला म्हटलं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यानं छप्पन्न वर्षांपूर्वी सोडवलाय. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते इथं लिहीत नाही.

रॉकवाल्यांनी या प्रश्नाची उत्तरं नाना तऱ्हांनी दिली आहेत. एसी/डीसीचा बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये गेला. बँड मोडायची भाषा झाली, पण न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आला आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाजारात होता. मुखपृष्ठ सुतकाचं काळं. सुरुवातीला घंटेचे टोल. पाच महिन्यांत सुतकही पाळलं आणि दुकानही उघडलं. जेनेसिसचा पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला. बऱ्याच जणांना गाऊन पाहायला लावलं, शेवटी मागं बसलेला ड्रमर फिल कॉलिन्सच पुढं आला. जर्नीनं २००७ मध्ये फिलिपिन्समधला एक गायक इंटरनेटवरच्या चित्रफितींत शोधला, जुन्या गायकाची गाणी हुबेहूब म्हणणारा. क्वीनची तऱ्हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेला. पुढं अ‍ॅडम लॅम्बर्ट गायला लागला, पण पाटीवर बँडचं नाव, मग अधिकचं चिन्ह, मग त्याचं नाव. पाहुणा पाहुणाच.

मुंबईच्या रॉक मशीननं तर उलटंच केलं. गायक उदय बेनेगल तोच ठेवला आणि १९९३ मध्ये बँडचंच नाव बदलून इंडस क्रीड केलं.

पण आपल्या खंजेरीच्या सर्वांत जवळचं उदाहरण दिल्लीच्या इंडियन ओशनचं आहे. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले, तेव्हा त्यांच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली. गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. हात आणि गळा एकाच देहातले असले, की त्या देहाची जागा भरायला एक माणूस पुरत नाही.

तुकडोजी महाराजांचं नेमकं हेच होतं. खंजेरी हे तसं साधं वाद्य. लाकडी कडं, एका तोंडावर ताणलेलं चामडं, कडेला पितळी चकत्या. डाव्या हातात धरायचं, उजव्या बोटांनी वाजवायचं. हिवाळी दव पडलं की चामडं सैल पडतं आणि सूर बसतो. मग शेकोटीजवळ धरून ते तापवायचं. पण गाणारा स्वतःच ती वाजवत असला, की ताल गाण्याच्या मागून येत नाही, श्वासातून येतो. ओळ कुठं तोडायची, शब्द कुठं ठासायचा, कुठं थांबून लोकांकडं पाहायचं, हे सगळं बोटंच ठरवतात. पेटीवाला आणि तबलजी या माणसाच्या मागं चालतात, त्याला चालवत नाहीत.

या खंजेरीनं केलेला प्रवासही थोडाथोडका नाही. ३० एप्रिल १९०९ ला यावलीत जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा पोरगा वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तुकड्या झाला. १९३५ मध्ये मोझरीला आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामला बोलावून महिनाभर ठेवून घेतलं. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर सरकारला या भजनांचीच धास्ती वाटली आणि २८ ऑगस्टपासून २ डिसेंबरपर्यंत महाराज नागपूर-रायपूरच्या तुरुंगात होते. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत हीच खंजेरी वाजली. राष्ट्रसंत ही पदवी राजेंद्रप्रसादांची. हा सगळा डोलारा एका गळ्यावर आणि दहा बोटांवर उभा होता. कर्करोगानं तो गळा १९६८ मध्ये बंद पडला तेव्हा महाराज साठीलाही पोचले नव्हते.

आता पुढं काय? महाराजांच्या गादीवर दुसरे महाराज बसले नाहीत. संस्था चालवायला पदाधिकारी आले. तुकारामदादा गीताचार्यांसारख्या शिष्यानं चंद्रपूर जिल्ह्यातल्या अड्याळ टेकडीवरून महाराजांच्या ग्रामगीतेचं काम वाढवलं. पण 'आता हा गाईल' असं कुणाकडं बोट दाखवलं गेलं नाही. तशी गरजही पडली नाही, कारण महाराजांनी जिवंतपणीच आपला आवाज वाटून टाकला होता. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं होती. पहाटे ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, तीही सगळ्यांनी मिळून म्हणायची, चाल सोपी, पट्टी बेताची. गळा नसलेल्यालाही म्हणता आली पाहिजे, ही अट त्या चालींतच दिसते. भजनावलीची पुस्तकं घरोघरी होती. १९४३ पासून 'श्रीगुरुदेव' मासिक निघत होतं. मोझरीचा गायक गेला त्या दिवशी वऱ्हाडातल्या शेकडो देवळांत त्याच चाली म्हणणारे, खंजेरी धरता येणारे गायक आधीच बसलेले होते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भजनाच्या शेवटी नाममुद्रा येते. तुकड्यादास, तुकड्या म्हणे. गाणारा कुणीही असो, अकोल्याचा हमाल असो की दर्यापूरचा मास्तर, शेवटच्या कडव्यात त्याला स्वतःचं नाव गिळून महाराजांचं नाव घ्यावंच लागतं. रॉक बँडच्या नावाची मालकी कुणाकडं, यावर वकील गब्बर होतात. इथं नाव गाण्याच्या आतच विणलेलं आहे, उसवता येत नाही. नवा गायक मूळ गायकाची जागा घेऊच शकत नाही, म्हणून तर त्याला बिनधास्त गाता येतं. भाच्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, "पण आवाज तं तो नाई ना." बरोबर आहे. महाराजांच्या मूळ आवाजातली भजनं आजही ऐकायला मिळतात. तो खडा आवाज एकदा कानात बसला की पुढच्या सगळ्यांत काहीतरी कमी वाटतं. ही उणीव मी नाकारत नाही.

वऱ्हाडातच याचं दुसरं टोकही आहे. गाडगेबाबांनी 'मला कुणी शिष्य नाही' हे आयुष्यभर ठासून सांगितलं. शेंडगावचा हा माणूस २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ गेला. त्याआधी ८ नोव्हेंबरला मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्यात झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो आवाज आपल्याकडं आहे. पण ते कीर्तन म्हणजे मुळात प्रश्नोत्तरं. बाबा विचारणार, समोरचे उत्तर देणार. ते पाठ करून दुसऱ्याला करता येत नाही, कारण अर्धं कीर्तन श्रोत्यांच्या तोंडात असतं. फाटकं धोतर नेसून, हातात खराटा घेऊन गाडगेबाबा झालेले नट मी स्नेहसंमेलनांतून पुष्कळ पाहिलेत. वेश बसतो, प्रश्न बसत नाही.

या दोघांच्या मधून एक वाट निघाली ती अकोला जिल्ह्यात. सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी तुकडोजी महाराजांची खंजेरी घेतली आणि एकीच्या सात केल्या. सात खंजेऱ्या समोर मांडून, हात नाचवत, अस्सल वऱ्हाडीत हुंडा, दारू, बुवाबाजी यांची सालं काढायची. मध्येच समोरच्या पोराला उभं करून प्रश्न विचारायचा, हा थेट गाडगेबाबांचा वारसा. जुन्या भजनी लोकांनी नाकं मुरडली असतील. एका खंजेरीतली नजाकत सातांत कुठून येणार? पण सत्यपाल महाराजांनी मूळ गायकाची नक्कल करायचं टाळलं, हेच त्यांचं शहाणपण. तुलनेला जागाच ठेवली नाही. ब्रायन जॉन्सननं तेच केलं होतं. बॉन स्कॉटसारखं गायचा प्रयत्न केला असता तर त्याला पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी हाकलला असता.

आणि पुढची गंमत बघा. सत्यपालांच्या पठडीत तयार झालेल्या सप्तखंजेरीवादकांची नावं संदीपपाल, रामपाल, पंकजपाल अशी. तुकड्यादास ही मुद्रा गाण्याच्या शेवटी होती, इथं ती थेट माणसाच्या नावाला चिकटली. घराण्याचं नाव आडनावात न ठेवता पहिल्या नावाच्या शेपटीला ठेवायचं, ही कल्पना अजून कुठल्या रॉक बँडला सुचलेली नाही.

माझ्या आजोळच्या गावात, पूर्णेच्या खोऱ्यात, एक गुरुदेव भजनी मंडळ आहे. तिथले बुवा चाळीस वर्षं काळी दोनमध्ये गायचे. उंच, तापलेला आवाज. मागल्या चार वर्षांत तो फाटत गेला, वरचा षड्ज लागेना. मंडळात कुजबूज सुरू झाली, पण बोलणार कोण? तबला वाजवणारे आबा मला म्हणाले होते, "गाणारा मेला तं भजन मरत नाई बावा, पेटीवाला रुसला तं मरते." पेटीवाला रुसलाच होता, कारण बुवांनी पट्टी उतरवायला साफ नकार दिला होता. रॉकवाले म्हातारपणी गिटारीच्या तारा अर्धा सूर उतरवून घेतात आणि प्रेक्षकांना पत्ताही लागू देत नाहीत. बुवांना ते कमीपणाचं वाटलं. शेवटी एका गुरुवारी त्यांनी आपली खंजेरी शेजारच्या आळीतल्या सुनेसमोर ठेवली. ती महिला मंडळात गायची. पुरुषांच्या मंडळात बाई पुढं बसणार म्हणून दोघं उठून गेले. पुढच्या गुरुवारी एक परत आला.

तिची पट्टी काळी चार. पेटीवाल्यानं भाता उघडला आणि आबांकडं बघितलं. तबला काळी दोनला लावलेला, आता तो उतरवायचा की नवा दायां आणायचा? आबांनी हातोडी उचलली, एकदा चाटीवर ठोकून ऐकलं आणि परत खाली ठेवली. काळी चारचा पंचम म्हणजे काळी दोनच. बायकांच्या गाण्याला तबला पंचमात लावतातच. बुवांचा चाळीस वर्षांचा षड्ज होता तिथंच राहिला, आणि तिनं सुरू केलं.