दर पंधरा मिनिटांनी एक भाईंदरकर

भाईंदरच्या फलाटावर घड्याळ लावून उभे राहा. पंधरा मिनिटे झाली, एक माणूस वाढला. आणखी पंधरा मिनिटे, आणखी एक. शेवटची लोकल गेल्यावरही मोजणी चालूच. असे सलग दहा वर्षे चालले तर? चाललेच होते. १९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजार झाली. म्हणजे रोज सुमारे ९४ माणसांची भर.

मुळात ही आगऱ्यांची नि कोळ्यांची गावे: भाईंदर, नवघर, मिरा, काशी, घोडबंदर, राई, मुर्धा, उत्तन. भाईंदरचे नाव होते ते मिठासाठी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्षार असतात जेमतेम ३५ ग्रॅम. तेव्हा ५० किलो मिठाची एक गोण भरायची, तर निदान चौदाशे लिटर पाणी उन्हाने प्यायला हवे.

१९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत सरकली आणि तिथेच थांबली. पलीकडे मिरा रोड, त्यापुढे भाईंदर. लोकल तीच, रूळ तेच, पण पत्ता मुंबईबाहेरचा आणि म्हणून घर खिशाला झेपणारे. मुंबईत भाड्याने दमलेली कुटुंबे एकदोन स्टेशने पुढे येऊन उतरू लागली.

कारभाराची मग नुसती धावपळ. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका झाली १९८२ मध्ये: ११९ वर्षांनी. इथे ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली १९८५ मध्ये आणि महानगरपालिका २००२ मध्ये. अवघी १७ वर्षे!

दर दहा वर्षांनी जवळपास तिप्पट, हा वेग टिकता तर २०३१ पर्यंत इथली वस्ती सव्वा कोटीच्या पुढे जाती, म्हणजे २०११ च्या अख्ख्या मुंबईपेक्षा जास्त. तो टिकला नाही. २०११ मध्ये आकडा ८ लाख ९ हजारांवर आला. तरीही दर अठरा मिनिटांना एक माणूस वाढतच होता.

आता शेवटचा हिशेब. शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर. २०११ च्या डोक्यांनी भागले, तर माणशी १,०५० चौरस फूट जमीन येते. चौघांच्या घराला ४,२०० चौरस फूट. वन-रूम-किचनमध्ये सहा जण झोपणाऱ्याला हे ऐकवून पाहा! त्याच्या वाट्याची जमीन गेली कुठे? कुठेच नाही. थोडी पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात आहे, बरीच मिठागरांत नि खाडीकाठच्या तिवरांत आहे आणि काही उत्तनला, जिथे वलांडीवर अजून बोंबील वाळतात.