सर्व्हर आपणहून बोलू शकतो का?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं की एचटीटीपीमध्ये बोलायची सुरुवात नेहमी ब्राउझर करतो. त्याने विचारायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं, विषय संपला. आता दवाखान्यातलं टोकन घ्या. बाहेर बसलेल्या पेशंटच्या मोबाइलवर ‘आता नंबर ४२’ हे लगेच दिसलं पाहिजे, नाहीतर त्याची पाळी हुकेल. मग सर्व्हरने हे कळवायचं कसं?

सगळ्यात सोपं म्हणजे पोलिंग. दर दोन सेकंदांनी ‘काही नवीन?’ असं विचारत राहायचं. शंभर माणसांना हे चालून जातं. दहा हजार झाली की सेकंदाला ५,००० विनंत्या येतात, आणि बहुतेकींचं उत्तर ‘नाही’. लाँग पोलिंगमध्ये सर्व्हर उत्तर रोखून धरतो, नवीन काही घडलं की देतो. फेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक उत्तरानंतर नवी विनंती लागतेच.

सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये एकच उत्तर उघडं राहतं आणि सर्व्हर त्यात निरोप लिहीत जातो. पण एकाच दिशेने. वेबसॉकेट दोन्ही दिशांनी चालतं. डिसेंबर २०११ मध्ये ते आरएफसी ६४५५ म्हणून प्रसिद्ध झालं. सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीनेच होते. सर्व्हर १०१ हा कोड देतो आणि तीच जोडणी पुढे वेबसॉकेटची होते.

म्हणजे शक्य आहे का? आहे. खरी परीक्षा जोडणी तुटल्यावर असते. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं की ती तुटते. मधला प्रॉक्सीही गप्प जोडणी बंद करतो. एनजिनएक्समध्ये ही मुदत मुळात ६० सेकंद असते. वेबसॉकेटमध्ये पुन्हा जोडणं आणि मधले हुकलेले निरोप मिळवणं, दोन्ही आपल्यालाच लिहावं लागतं. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो, आणि निरोपांना क्रमांक दिले असतील तर शेवटचा क्रमांकही कळवतो. मात्र एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहाच जोडण्या ठेवतो, हे विसरू नका.

टोकनला एकच दिशा पुरते, म्हणून तिथे आपण सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घेऊ. गप्पांना किंवा खेळाला वेबसॉकेट. तासातून एकदा बदलणाऱ्या माहितीला पोलिंगच बरं.

काहीही निवडलं, तरी पान पुन्हा उघडल्यावर आधी ताजा नंबर मागवा, आणि जोडणी नसेल तेव्हा ‘शेवटची माहिती १०:४२ ची’ असं स्पष्ट दाखवा. नंबर दिसलाच नाही, तर पेशंट उठून खिडकीवर विचारेल. शिळा नंबर ताजा म्हणून दिसला, तर तो निवांत बसून राहील.